तिसरी बाटली आणण्याआधी लेंड्या तपासा

पत्र: "डॉक्टर, नमस्कार. मी भूम तालुक्यातली. आमच्याकडं २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत, बचत गटाच्या कर्जावर चार घेतल्या होत्या त्याच्या वाढवत आणल्या. दर तीन महिन्याला न चुकता सगळ्यांना जंताचं औषध पाजते, अल्बेंडाझोल, प्रत्येकीला एक झाकण. पहिली दोन वर्षं काही त्रास नव्हता. औंदा पावसाळ्यात दोन करडं आणि एक व्यालेली शेळी गेली. आता तीन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, खातात पण वाळत चालल्यात. जुलैत पाजलं, ऑगस्टमध्ये परत दुसऱ्या कंपनीचं पाजलं, काही फरक नाही. मालक म्हणतात औषध डुप्लिकेट आहे. मेडिकलवाला म्हणतो डबल डोस द्या. शेजारचे म्हणतात शेळ्यांना औषधाची सवय झाली, आता इंजेक्शनच मारा. कुणाचं ऐकू?"

ताई, नमस्कार. कुणाचं ऐकायचं ते नंतर बघू, आधी त्या तीन शेळ्यांचं बघा. त्यांना आजपासून रानात नेऊ नका, पळवू नका, पकडायला मागं धावू नका. अंगात रक्त इतकं कमी झालेलं असतं की नुसत्या पळापळीत शेळी खाली बसते आणि मरते, मी स्वतः बघितलंय, लहान पोरं मागं लागली आणि शेळी दारातच गेली. घरीच बांधा, चांगला पाला, थोडी पेंड, स्वच्छ पाणी द्या आणि तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलवा, नाहीतर १९६२ ला फोन लावा, फिरत्या दवाखान्याची गाडी येते. डॉक्टर आले की त्यांना सरळ सांगा, "अल्बेंडाझोल दोनदा दिलंय, फरक नाही, वेगळ्या गटातलं द्या." हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण हे नाही सांगितलं तर तेच औषध तिसऱ्यांदा पाजलं जायची शक्यता मोठी, डॉक्टरांना काय स्वप्न पडतं का तुम्ही आधी काय पाजलं.

आता हे होतंय काय ते सांगतो. पावसाळ्यात शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलं, डोळ्याची आतली पापणी पांढरी पडली आणि हगवण मात्र फारशी नाही, असं दिसलं की माझा पहिला संशय एकाच जंतावर जातो, हिमोंकस. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. तुम्ही कधी खाटकाकडं वजडी साफ करताना उभ्या राहिलात तर बघा, चौथं पोट कापल्या कापल्या, धुवायच्या आत, दोन-अडीच सेंटीमीटरचे बारीक दोरे वळवळताना दिसतात, लाल आणि पांढरं सूत एकत्र पिळून वात करावी तसे. लाल म्हणजे प्यालेलं रक्त आणि पांढरं म्हणजे मादीची अंड्यांची नळी, त्या लाल आतड्याभोवती गुंडाळलेली. लेंडीत हा जंत दिसत नाही, लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात ते वेगळ्याच जंताचे, पट्टकृमीचे, आणि गंमत अशी की लोक त्या तुकड्यांना घाबरून औषध पाजतात, तो त्यामानानं गरीब जंत आहे, मारणारा हा न दिसणारा.

हिशोब करून बघा. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत असले तर रोजचे ५० मिली, आणि २० किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दीड लिटरच्या आत-बाहेर. म्हणजे महिन्याभरात तिच्या अंगातल्या सगळ्या रक्ताइतकं रक्त जंतच पिऊन टाकतात, शेळी नवीन करत राहते म्हणून तगते, आणि ज्या दिवशी करणं पुरत नाही त्या दिवशी रक्तातलं प्रोटीन घसरून जबड्याखाली पाणी साठतं. व्यालेल्या शेळीचं आणि चार-सहा महिन्याच्या करडाचं आधी का होतं, तर करडाला अजून प्रतिकार आलेला नसतो आणि व्यायच्या आसपास शेळीचा असलेला प्रतिकार ढिला पडतो. तुमची गेलेली तिन्ही जनावरं नेमकी तीच आहेत.

बरं, औषध डुप्लिकेट आहे का? असू शकतं, पण दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या लागोपाठ डुप्लिकेट निघणं अवघड आहे. आणि ताई, राग मानू नका, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते "प्रत्येकीला एक झाकण". झाकणात किती मावतं? बहुतेक ५ मिली. बाटलीवर बघा, अडीच टक्के लिहिलेलं असेल तर एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे एका झाकणात १२५. तुमची व्यालेली मोठी शेळी ३५ किलोची धरा, तिला किलोमागं साडेतीन मिलिग्रॅम मिळालं. मेंढीचा जो डोस पुस्तकात लिहितात तोच किलोमागं साडेसातच्या आसपास आहे, आणि शेळी मेंढीपेक्षा हे औषध लवकर पचवून बाहेर टाकते, तिला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतं. म्हणजे लागणाऱ्याच्या निम्मं सोडा, तिसरा-चौथा हिस्सा तुम्ही पाजत होता, त्यातलंही झाकणानं पाजताना थोडं ओठावरून सांडलं असेल ते वेगळं. कमी डोसात काय होतं, जे जंत मऊ असतात ते मरतात, जे थोडे चिवट असतात ते वाचतात, आणि अंडी घालायला मागं फक्त चिवटच राहतात. एक मादी दिवसाला पाच हजारावर अंडी घालते.

चूक एकट्या तुमची नाही हां. मेंढीचा डोस शेळीला लावायचा ही चूक पुस्तकांनी पण केली, शिबिरांत आम्ही पण केली, एक बादली औषध, एक सिरिंज, "मोठीला दहा, लहानाला पाच, चला पुढं". मी अशा शिबिरांत दोनशे-दोनशे शेळ्या उरकल्यात.

शेजारचे जे म्हणतात ना शेळ्यांना सवय झाली, ते अर्धं खरंय. सवय शेळीला होत नाही, बदलतात ते जंत. म्हणूनच तुम्ही उद्या बाजारातून नवी शेळी आणली, जिनं जन्मात औषध प्यालेलं नाही, आणि ती तुमच्याच रानात चरली, तरी, रानातले जंत बदललेले असतील तर, तिच्या पोटातल्या जंतांवर ते औषध चालणार नाही. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतं, त्याशिवाय जंताच्या पेशींचा सांगाडाच उभा राहत नाही, आणि ज्या जंतात त्या प्रोटीनची एक कडी जन्मतःच वेगळी आहे त्याला औषध चिकटतच नाही. असे जंत आधीपासून असतात, अगदी थोडे. आपण बाकीचे मारून त्याला रान मोकळं करून देतो. आणि हे काही आजचं नाही, या गटातलं पहिलं औषध थायबेंडाझोल १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ लाच ते न मानणारे जंत मेंढ्यांत सापडले, आपल्या देशात तशी नोंद १९७६ ची आहे. म्हणजे अल्बेंडाझोल गावागावात पोचायच्या आधीच त्याच्या थोरल्या भावाची ही गत झालेली.

भाऊ म्हटलं कारण औषधांची घराणी आहेत, आणि हे तुम्ही एकदा लक्षात ठेवलं की मेडिकलवाला तुम्हाला फिरवू शकणार नाही. ज्याच्या नावाच्या शेवटी "डाझोल" येतं, अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल, ते सगळे एका घरचे, एक चालेना तर दुसराही बहुतेक चालत नाही. "मेक्टिन"वाले दुसरे, आयव्हरमेक्टिन, डोरामेक्टिन. लेव्हामिसोल तिसरं घर. क्लोजँटल, रॅफोक्सॅनाईड चौथं. तुम्ही ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीचं पाजलं म्हणता, पण बाटलीचा रंग बदलला, आतला माल तोच. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं वाचा, पोरगं शाळेत जात असेल तर त्याला वाचायला लावा.

आणि डबल डोस? अजिबात नाही. वजनाप्रमाणे बरोबर डोस देणं वेगळं आणि जे हातात आहे ते डोळे झाकून डबल करणं वेगळं. अल्बेंडाझोलचं जरा इकडं-तिकडं झालं तर शेळी सहन करते, तरी नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला पहिल्या महिन्यात ते देत नाहीत. पण लेव्हामिसोल जास्त झालं की तोंडाला फेस, अंगाला कापरं, शेळी आडवी. क्लोजँटल जास्त झालं तर शेळी आंधळी होते, कायमची. मेडिकलवाला काउंटरवर बसून डबल म्हणतो, शेळी त्याच्या दारात मरत नाही.

इंजेक्शनचं पण तेच. लोकांना वाटतं सुई टोचली म्हणजे भारी औषध. बहुतेक ते आयव्हरमेक्टिन असतं, ज्यांनी ते शोधलं त्यांना २०१५ ला नोबेल मिळालं आणि आपल्याकडं ते गोचीड झाली, उवा झाल्या, खरूज झाली की पाण्यासारखं टोचतात. टोचता गोचिडासाठी, पण दरवेळी पोटातले जंतही ते औषध चाखतात, आणि परत तेच, चिवट मागं राहतात. तुमच्याकडं गोचिडासाठी वर्षातनं किती वेळा मारलंय ते आठवून डॉक्टरांना सांगा.

आता मुख्य काम. तुमच्या घरात दोन शक्यता आहेत, एकतर डोस कमी पडला म्हणून फरक नाही, नाहीतर जंत खरोखर औषध मानेनासे झालेत, आणि बाहेरून बघून हे मलाच काय कुणालाच सांगता येणार नाही. मोजावं लागतं. पद्धत सोपी आहे. आजारी तीन सोडून दहा-बारा शेळ्या-करडं निवडा, गेल्या दीड-दोन महिन्यांत औषध न दिलेली. प्रत्येकीच्या ताज्या लेंड्या घ्या, जमिनीवरच्या नको, बोटाला प्लास्टिकची पिशवी चढवून थेट आतून, आठ-दहा लेंड्या पुरतात, पिशवी उलटी करून हवा दाबून गाठ मारा आणि वर शेळीची खूण लिहा. फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दवाखान्यात पोचवा, उशीर झाला तर अंडी पिशवीतच फुटतात आणि रिपोर्ट खोटा येतो. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, नाहीतर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. तिथं लेंडी मिठाच्या घट्ट पाण्यात घोळवतात, अंडी वर तरंगतात, रेघा मारलेल्या काचेखाली मोजतात आणि एका ग्रॅमला किती अंडी तो आकडा देतात.

लेंड्या घेतल्या त्याच दिवशी शेळ्यांचं वजन करा. ताणकाट्याला चवाळ्याची झोळी बांधून करडं होतात, मोठ्यांना धान्याचा काटा मागून आणा, अंदाजानं नको, आपला अंदाज जवळपास नेहमी कमीच निघतो. मग अल्बेंडाझोलचा डॉक्टर सांगतील तो शेळीचा डोस प्रत्येकीला तिच्या वजनाप्रमाणे, सिरिंजनं, सुई काढून, जिभेच्या मागच्या बाजूला, मान फार वर न करता हळू पाजा, मान ताणून वर केली की औषध फुफ्फुसात जातं. बरोबर चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांच्या लेंड्या परत द्या. समजा आधी सरासरी १२०० आली आणि नंतर ४० आली, तर ९५ टक्क्यांच्या वर घट झाली, म्हणजे औषध चालतंय, दोष झाकणाचा होता, एवढं सुखाचं उत्तर दुसरं नाही. १२०० चे ६०० झाले तर ते औषध तुमच्या कळपापुरतं गेलं, ती बाटली परत आणू नका, मग डॉक्टर दुसऱ्या घराण्यातलं, किंवा दोन घराण्यांतली दोन एकदम, ठरवतील. आणि गेलेलं औषध दोन वर्षं न वापरलं म्हणून आपोआप परत चालायला लागेल ह्या भरवशावर राहू नका.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही, माझ्या बायकोलाही पटलं नव्हतं. दर तीन महिन्याला सगळ्या शेळ्यांना पाजणं बंद करा.

का, ते बोंडअळीवरून सांगतो. कापसाच्या बीटी बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी यायची, १२० ग्रॅमची, बिगरबीटी, रेफ्युजी म्हणायचे तिला. शेताच्या कडेनं लावायची होती, म्हणजे साध्या अळ्या तिथं जगतील आणि चिवट अळ्यांशी त्यांचा संकर होऊन चिवटपणा पातळ राहील. लोकांनी पुडी बांधावर फेकून दिली, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापसाचं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. जंताचं अगदी तसंच आहे. औषध न लागलेले साधे जंत थोडे कुठंतरी जिवंत राहायला पाहिजेत, काही शेळ्यांच्या पोटात, काही रानातल्या गवतावर. सगळ्या कळपाला एका दिवशी पाजलं की तुम्ही ती पुडीच फेकून दिली. त्यातही आपल्याकडं मृगाच्या आधी, मे महिन्यात, सगळ्यांना पाजायची पद्धत आहे. मराठवाड्यातल्या उन्हानं रानातल्या जंताच्या अळ्या आधीच भाजून गेलेल्या असतात, जे काही जंत शिल्लक ते शेळ्यांच्या पोटात, आणि आपण त्यांनाच सरसकट औषध देतो, मग पहिल्या पावसात रानात अंडी पडतात ती फक्त वाचलेल्या चिवटांची. हा सल्ला मीही वर्षानुवर्षं दिलाय. आणखी एक दिलाय, "औषध पाजलं की दुसऱ्या दिवशी नव्या ताज्या रानात सोडा", तोही उलटाच निघाला, नव्या रानात पेरणी नुसत्या चिवट जंतांची होते. आता सांगतो, पाजल्यावर पण आहे त्याच रानात राहू द्या.

मग पाजायचं कुणाला? डोळे बघून. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या डॉक्टरनं यासाठी एक रंगाचं कार्ड काढलं, फमाचा म्हणतात, पाच रंग, गडद लालपासून पांढऱ्यापर्यंत. अंगठ्यानं वरची पापणी मिटून डोळ्यावर हलकं दाबायचं, खालची पापणी ओढायची, आतली गादी बाहेर येते, तिचा रंग लगेच कार्डाशी लावायचा, उन्हात, गोठ्याच्या अंधारात नाही. एक-दोन नंबर असेल तर सोडून द्या. तीन, चार, पाच असेल तर पाजा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, २२ शेळ्यांना अर्धा तास पुरतो. कार्ड मिळेपर्यंत तुमच्या सगळ्यात ठणठणीत बोकडाचा डोळा हाच नमुना धरा. फक्त एक लक्षात ठेवा, डोळा पांढरा दिसला म्हणजे रक्त कमी एवढंच कळतं, ते गोचिडानं किंवा यकृतातल्या चपट्या जंतानं पण होतं, म्हणून लेंड्यांचा रिपोर्ट हवाच.

पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हालाच नवल वाटेल, कारण दरवेळी त्याच चार-पाच शेळ्या पांढऱ्या निघतात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, बाकीच्या सांभाळून घेतात. पाजली की गळ्यात लाल दोरा बांधा, परत पाजली की दुसरा. एका पावसाळ्यात तीन दोरे झाले त्या शेळीचा बोकड पैदाशीला ठेवायचा नाही आणि जमलं तर तिलाही काढायची, मग ती दिसायला कितीही देखणी असो. हे असं अंगात उतरतं, सुंदरबनातली गारोल मेंढी एवढीशी असते पण हिमोंकसला चांगली तोंड देते.

रानाचं थोडक्यात सांगतो. अळ्या दवावर गवतावर चढतात आणि बहुतेक बुडख्याच्या दोन इंचातच असतात. म्हणून पावसाळ्यात दहिवर उडाल्याशिवाय शेळ्या सोडू नका, ओढ्याकाठच्या खुरटून चरलेल्या गवतावर तर नकोच. शेळी ही मुळात गवत खाणारी नाही, वर तोंड करून पाला ओरबाडणारी आहे, आपणच तिला मेंढीसारखं गायरानात खाली मान घालून चरायला लावलं. बाभूळ, बोर, सुबाभूळ, शेवरी जे असेल ते तोडून उंच टांगा. बाभळीच्या पाल्यात जो तुरटपणा आहे तो जंतांना थोडा जड जातो, औषधाची जागा नाही घेत पण मदत करतो. आणि म्हातारी माणसं मोरचुदाचं पाणी पाजायला सांगतील, ते हात जोडून नको म्हणा.

बाजारातून शेळी आणाल तेव्हा तिच्याबरोबर दुसऱ्याचे चिवट जंत पण येतात, फुकट. दोन घराण्यांतली औषधं डॉक्टरांना विचारून एकाच दिवशी द्या, दोन-तीन दिवस वेगळी बांधा, त्या लेंड्या रानात टाकू नका, मग कळपात सोडा. ईदला बोकड काढणार असाल तर औषध पाजल्यावर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस आधी मोजून ठेवा.

बाकी जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीचं उस्मानाबादीच राहिलं, तुम्हीही तसंच लिहिलंत, बरं वाटलं. आज तीन शेळ्या घरी बांधा, डॉक्टरांना फोन करा, उद्या एक १० मिलीची सिरिंज आणा आणि ते झाकण बाटलीला लावून टाका. पहिल्या आणि चौदाव्या दिवसाचे दोन्ही आकडे आले की मला पाठवा, प्रत्येकीचं वजन किती आणि किती मिली पाजलं तेही समोर लिहा.